जागरणाचे इनाम

गेल्या आषाढात, नातीला तिसरा महिना लागला त्या सुमारास, आमच्या घरी विजेवर हलणारा पाळणा दाखल झाला. ‘दाखल झाला’ हा शब्दप्रयोग मी हेतुपुरस्सर करतो. कारण महसूल खात्याच्या दफ्तरात तेहेतीस वर्षे घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याला कोणतीही वस्तू घरात नुसती आली असे कधी वाटतच नाही. तिची आवक-नोंद व्हावी, संबंधितांचे अभिप्राय मागवावेत, हरकतींना रीतसर मुदत द्यावी आणि त्यानंतरच ती मंजूर, नामंजूर किंवा तहकूब व्हावी, अशी त्याची प्रकृतीच बनून गेलेली असते. पाळण्याच्या प्रकरणी मात्र हरकतींची मुदत खोके उघडण्यापूर्वीच संपुष्टात आली. कारण आमच्या सौभाग्यवतीने आपली हरकत, खोके अद्याप उंबरठ्याबाहेर असताना, ते घेऊन आलेल्या पोऱ्याच्या समक्ष, तोंडी आणि खड्या आवाजात नोंदवली.

‘‘आता पोर हलवायलासुद्धा मोटार लागायला लागली का?’’

त्या पोऱ्याने, जणू मोटारीचा शोध त्यानेच लावला होता अशा अपराधी मुद्रेने, सही घेतली आणि तो जिना उतरला.

खोक्यातून निघालेला ऐवज असा: लोखंडी नळ्यांची एक चौकट, तिच्यात अडकवायची जाळीची झोळी, पोह्यांच्या डब्याएवढी एक मोटार, वीज गेल्यास खोळंबा होऊ नये म्हणून तिच्या पोटात बसवलेली बॅटरी, आणि चार भाषांतले एक सूचनापत्र, ज्या चारांत मराठीचा समावेश नव्हता. चिरंजीव हिंजवडीच्या एका संगणक-कचेरीत नोकरीला आहेत. त्यांनी अर्ध्या तासात चौकट उभी केली आणि यंत्राचा मुख्य गुण आम्हाला समजावून सांगितला. या पाळण्याला कान होते. मूल रडू लागले की तो आवाज टिपून पाळणा आपण होऊन हलू लागे, आणि पुन्हा रडे ऐकू न आल्यास दहा मिनिटांनी आपण होऊन थांबे. सूनबाई दोन महिन्यांत सलग दोन तास झोपलेली नव्हती; या सबंध निवेदनाच्या काळात ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या मुद्रेवर जो भाव होता तो यापूर्वी मी केवळ पंढरपुरास, विटेसमोर पोचलेल्या वारकऱ्यांच्या मुद्रेवर पाहिला आहे.

सौभाग्यवतीचे म्हणणे असे की, लेकराला माणसाचा हात कळावा लागतो. म्हणणे निरुत्तर करणारे होते, परंतु दुर्दैवाने मी पूर्वीच्या प्रकरणाचा प्रत्यक्ष साक्षीदार आहे. हेच चिरंजीव पाळण्यात होते तेव्हा, म्हणजे 1988 साली, आमचा पाळणा माजघराच्या कडीला टांगलेला असे. त्याची दोरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आत जाई आणि तिचे दुसरे टोक सौभाग्यवतीच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेले असे. हात तांदूळ निवडण्यात, डोळे मांडीवरच्या मासिकातल्या क्रमशः कादंबरीत, आणि अंगठा तेवढा घड्याळाच्या लंबकासारखा अविरत चालू. कादंबरीतल्या नायिकेवर प्रसंग गुदरला की पाळण्याची गती वाढे, हेही मी स्वतः पाहिलेले आहे. तेव्हा त्या लेकराला जे काही कळत होते तो हात नसून अंगठा होता, तोही बारा फुटांवरून. आणि या व्यवस्थेला यंत्र म्हणायचे नाही तर काय म्हणायचे, असा नम्र सवाल मी केला.

‘‘दोरीच्या त्या टोकाला मी होते,’’ ती म्हणाली, आणि तांदूळ घेऊन आत गेली.

हे उत्तर मी त्या क्षणी हसण्यावारी नेले. परंतु निवृत्त मनुष्याला फावला वेळ पुष्कळ असतो, आणि मागील कागद काढण्याची खोड निवृत्तिवेतनाबरोबर सुटत नाही. म्हणून नव्या यंत्रांवर आपल्या लोकांनी वेळोवेळी घेतलेल्या हरकतींची मी मनातल्या मनात रुजुवात घालू लागलो, तेव्हा असे दिसून आले की हरकत म्हणून जे कारण कागदावर येते ते बहुधा खरे कारण नसते. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा सनातनी मंडळींची तक्रार पंचांगातल्या गणिताविषयी नव्हती, शाईविषयी होती: शाईत चरबी असते, सबब छापील कागद सोवळ्यात शिवता येत नाही. गणपत कृष्णाजी व्यवहारी गृहस्थ. त्यांनी शाईत तूप वापरले आणि ती हरकत निकालात काढली, असे सांगतात. छापील पंचांग घरात आणावे की न आणावे याचा मुहूर्त हस्तलिखित पंचांगात पाहणारे कोणी त्या काळी निघाले असतील, तर त्यांच्याविषयी मला आदरच वाटेल. पुढे 1860 च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत खेळू लागले, तेव्हा नळाच्या पाण्याला आड आली ती तोटीतली चामड्याची चकती. चकती एवढीशी, रुपयाहूनही लहान. पण तिच्यावर सबंध धर्म तोलून धरलेला.

आगगाडीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. 16 एप्रिल 1853 रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित बोरीबंदराहून ठाण्यास ओढून नेले. एकवीस मैलांचे अंतर, आणि निघताना एकवीस तोफांची सलामी. या गाडीत कोणाच्या शेजारी कोण बसणार, विटाळ कसा पाळायचा, बैलावाचून ती ओढते कोण, असे नाना प्रश्न उपस्थित झाले. परंतु मला वाटते, खरे दुःख निराळेच होते. आगगाडीपूर्वी काशीस पायी जाऊन, वाटेतले पटकी, पेंढारी आणि पूर यांतून जिवंत परत आलेला मनुष्य गावात जन्मभर पूज्य असे. त्याच्या मावंद्याला पंचक्रोशी जेवे, पंचायतीत त्याच्या शब्दाला वजन असे, आणि त्याच्या पायांना पडलेल्या भेगा हीच त्याची सनद असे. पुढे रूळ उत्तरेकडे सरकत गेले, आणि ज्याने आयुष्यात शिवेबाहेर पाऊल टाकले नव्हते असा कोणी वाणी तिकीट काढून, बाकावर पाय सोडून बसून, डब्यातले धपाटे खात काशीस गेला आणि तेच गंगाजल, त्याच गडव्यात, घेऊन परतला. आता सांगा, त्या पायी गेलेल्या म्हाताऱ्याने काय करावे? ‘माझ्या भेगांची किंमत गेली’ असे चारचौघांत म्हणता येत नाही. मग तो म्हणतो, धर्म बुडाला.

इंग्रजांनी 1852 च्या कायद्यान्वये या मुलखात इनाम कमिशन नेमले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या इनामदारांना अकस्मात विचारले, ‘सनद कुठे आहे?’ घराघरांतून पेट्या उघडल्या गेल्या, कसर लागलेले कागद उन्हात वाळत पडले, आणि ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांची इनामे गेली. प्रत्येक नवे यंत्र मला या कमिशनासारखे वाटते. आधीच्या पिढीने भोगलेले कष्ट हे तिचे इनाम असते. त्याच्या उत्पन्नावर ती म्हातारपण काढते. ‘आम्ही विहिरीचे पाणी ओढले’, ‘आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला’, ‘आम्ही चार मैल चालत शाळेत गेलो’: ही त्या इनामाची सालाबादची वसुली. यंत्र येते आणि उभ्या जमिनीवर टाच आणते. शिवाय हे कमिशन नुकसानभरपाईही देत नाही.

आमच्या घरात हे कमिशन पूर्वी एकदा येऊन गेले आहे. 1979 साली माझ्या पहिल्या पगारवाढीच्या फरकातून मी मिक्सर घेतला. तोवर आमच्या मातोश्रींचा पाटा-वरवंटा हे घरातले स्वयंभू दैवत होते. ‘पाट्याला टाकी’ अशी आरोळी देत बायका गल्लीत आल्या की मातोश्री स्वतः समोर बसून टाकी घालून घेत, आणि त्या दिवशी निघालेले पहिले वाटण, त्यात दगडाची कच असते म्हणून, टाकून देत. मिक्सरने अर्ध्या मिनिटात ओल्या खोबऱ्याची चटणी केली. मातोश्रींनी ती बोटाने चाखली, क्षणभर डोळे मिटले, आणि निवाडा दिला, ‘‘चव नाही. नुसता आवाज आहे.’’ त्यानंतर हयातीची बारा वर्षे त्या स्वतःपुरती चटणी पाट्यावर वाटीत राहिल्या, खांदा दुखत असताना वाटीत राहिल्या, आणि खांदा दुखतो हे आम्हाला दिवसातून दोनदा कळवीत राहिल्या. त्यांच्या मागे पाटा तुळशीच्या कुंडीखाली गेला. वरवंटा मात्र राहिला. कारण बारशाला लागतो. त्याला तेलपाणी करून, काजळाचे बोट ओढून, कुंची घालून, गोविंद-गोपाळाच्या नावाने पाळण्याच्या खालून वरून फिरवतात. ज्या यंत्राने त्याची वाटण्याची नोकरी घालवली त्याला बारशातले हे काम काही करता येईना, त्यामुळे वरवंटा तेवढ्या एका हुद्द्यावर आजतागायत कायम आहे.

तरीही पाणी, प्रवास आणि चटणी या गोष्टी लहान म्हणायच्या. मूल वाढवण्याच्या कामी यंत्राने हात घातला की माणसे कशी बिथरतात, याचे नमुने पाहायचे तर सातासमुद्रांपलीकडे जावे लागते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहून टार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञाला, अशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी का असू नये, अशी कल्पना सुचली, आणि 1880 च्या सुमारास त्याने ती तेथल्या प्रसूतिगृहात बसवलीही. कल्पना नामी, पण रुग्णालये ती उचलीनात. तेव्हा मार्टिन कूनी नावाच्या एका गृहस्थाने, ज्याच्या डॉक्टरकीची सनद पुढे शोधूनही कोणाला सापडली नाही, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, झोपाळे, जादूगार आणि सर्कशीतले हत्ती यांच्या शेजारी, काचेच्या पेट्यांत खरी हाडामांसाची मुले ठेवून त्यांचे प्रदर्शन मांडले. प्रेक्षकांना तिकीट, मुलांच्या आईबापांना मात्र एक छदाम पडत नसे. त्याची एक परिचारिका आपल्या बोटातली हिऱ्याची अंगठी काढून ती मुलाच्या मनगटातून अलगद सरकवून दाखवी, आणि गर्दीतून उसासा निघे. 1903 पासून 1943 पर्यंत, चाळीसेक उन्हाळे, हा खेळ चालला. भले लोक म्हणत, हा मुलांचा तमाशा आहे. आणि तमाशा होताच. परंतु ज्यांना रुग्णालयांनी ‘देवाची मर्जी’ म्हणून घरी धाडले असते अशी हजारो मुले त्या तमाशातून चालती-बोलती होऊन बाहेर पडली. मी तिथे असतो तर तिकीट काढले असते आणि घरी येऊन निषेधाचे पत्रही लिहिले असते.

स्किनरसाहेबांचे नशीब याच्या उलट. हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ उंदीर आणि कबुतरे पेटीत ठेवून प्रयोग करीत, हे त्यांच्या मुळावर आले. 1944 साली त्यांना दुसरी कन्या झाली, तेव्हा बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक उबदार कपाट बनवले: पुढे न फुटणारी काच, आत गाळलेली ऊबदार हवा, अंगात फक्त लंगोट, दुपट्यांची गुंडाळी नाही. मूल त्यात मजेत होते. पण 1945 च्या ऑक्टोबरात एका स्त्री-मासिकाने त्यांचा लेख ‘पेटीतले बाळ’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापला, आणि लोकांनी उंदरांची पेटी आणि बाळाची पेटी एकत्र करून टाकली. मग वदंता निघाल्या: मुलीला वेड लागले, तिने बापावर फिर्याद लावली, तिने जीव दिला. ती मुलगी, डेबोरा, चांगली चित्रकार झाली होती, आणि 2004 साली तिला वर्तमानपत्रात लेख लिहून आपण जिवंत व शहाणी असल्याचे जाहीर करावे लागले. हयातीचा दाखला आम्ही निवृत्तिवेतनवाले दर नोव्हेंबरात देतो. पण पाळण्यात झोपल्याबद्दल साठीच्या उंबरठ्यावर तो देण्याची पाळी त्या बाईंवरच आली.

लोकांना त्या कपाटात इतके काय खुपले असावे? माझ्या मते त्या लेखातली भीषण गोष्ट ही की, स्किनरसाहेबांनी मोकळेपणी लिहिले की या पेटीमुळे आईचे काम वाचते. मुलाचे भले होते एवढेच म्हटले असते तर चालले असते. आईचे काम वाचते, हे ज्या आयांचे वाचले नव्हते त्यांना वाचवेना. याच्या उलट, 1937 साली एका रेडिओ कंपनीने मुलाच्या खोलीतले आवाज आईबापांच्या खोलीत ऐकवणारे यंत्र काढले, जपानी-अमेरिकन शिल्पकार नोगुचीने त्याला तोंड-डोळे नसलेल्या मुखवट्यासारखी घडण दिली, आणि त्यावर असा गहजब झाल्याचे माझ्या वाचनात नाही. उघडच आहे, ते यंत्र आईला झोपू देत नव्हते, अधिक जागवत होते. जागरण वाढवणाऱ्या यंत्राला हरकत कोण घेईल?

आणि पूर्वीच्या आयांना दोरीचे एक टोक तरी कोठे सर्वांच्या वाट्याला आले होते? गिरणगावातल्या बाया पहाटेच्या भोंग्याला कामावर जाताना तान्ह्यांना बाळागोळी देऊन जात. बाळागोळी हे लाडके नाव; आत अफू. मुंबईच्या गिरण्यांतल्या स्त्री-कामगारांच्या 1920 च्या दशकातल्या पाहणीत हा प्रकार सरसहा आढळला होता. त्या बायांपाशी कोणी पायाचा अंगठा मोकळा ठेवलाच नव्हता. ‘पूर्वी मुले कशी गुपचूप झोपत’ असे आमच्या कट्ट्यावर कोणी म्हणाले की मला ती गोळी आठवते आणि मी विषय बदलतो.

कट्ट्यावर पाळण्याचे प्रकरण निघाले तेव्हा एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या स्नेह्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘बंद पडला तर?’’ मी म्हटले, हाताने हलवू. ‘‘मग आधीपासून हातानेच का नाही?’’ या युक्तिवादावर एस.टी.च काय, चाकाचा शोधही टिकला नसता. पण गृहस्थ अठ्ठावीस वर्षे बंद पडलेल्या गाड्यांच्या प्रवाशांना तोंड देत आलेले, त्यांना मी उत्तर दिले नाही.

घरी मात्र पाळणा चालू झाला आणि चालू राहिला. सूनबाईच्या डोळ्यांखालची वर्तुळे फिकी होऊ लागली. सौभाग्यवतीने तडजोड म्हणून नातीला दिवसा मांडीवर आणि रात्री यंत्रावर अशी वाटणी मान्य केली. परंतु रात्री मूल रडून पाळणा आपोआप हलू लागला की ती अंथरुणात उठून बसे, आणि पाच मिनिटांत आवाज शांत झाला की पुन्हा आडवी होई. सकाळी विचारले, झोप लागली का, तर म्हणे, ‘‘लागली की. मला कोणी विचारलंय?’’ या वाक्याचा उलगडा मला श्रावणात झाला.

नागपंचमीला सूनबाई लेकीला घेऊन माहेरी गेली; चिरंजीव पोचवायला गेले. उकाड्यामुळे मी बाहेरच्या खोलीत, पाळण्यापासून चार हातांवर, सतरंजी टाकून झोपलो. रात्री अडीचच्या सुमारास सौभाग्यवतीच्या किंकाळीने जागा झालो. खिडकीतून अंधुक उजेड आत आला होता, आणि त्या उजेडात रिकामा पाळणा एका लयीत, शांतपणे हलत होता.

रिकामा पाळणा हलवू नये, हे मराठी घरातल्या पोरासोरांना माहीत असते. हलवणारे कोणी नसताना तो हलू नये, याविषयी तर शास्त्राने वेगळे सांगण्याची गरजच मानलेली नाही. आम्ही दोघे भिंतीशी चिकटून पाहत राहिलो. दहा मिनिटांनी पाळणा थांबला. तिने देवापुढे निरांजन लावले; मी, जागून काय होणार म्हणून, पुन्हा आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच तिने मला गदागदा हलवले. पाळणा पुन्हा चालू झाला होता.

‘‘अहो,’’ ती सावकाश म्हणाली, ‘‘तुम्ही घोरलात की तो हलतो.’’

मी घोरत नाही, ही जबानी मी शेहेचाळीस वर्षे एकाही शब्दाचा फेरफार न करता देत आलो आहे. परंतु यंत्राने पंचासमक्ष साक्ष दिली तिथे माझा इलाज चालेना. तिसऱ्या खेपेस खात्री करून घेण्यासाठी मी जागेपणीच थोडा घोरून पाहिले. पाळण्याने तत्काळ मान डोलावली. बटण बंद केले, तरी पोटातल्या बॅटरीवर त्याचे कान शाबूत. बॅटरी कशी बंद करायची ते सूचनापत्रात असणार, चारही भाषांत. चिरंजीवांना पहाटे तीन वाजता सासुरवाडीत उठवून ‘बाबा घोरतात, उपाय सांगा’ असे विचारणे माझ्या हुद्द्याला शोभले नसते. स्वयंपाकघरात जाऊन झोपण्याची माझी दरखास्त मुंग्यांच्या कारणास्तव नामंजूर झाली.

‘‘हलायचं तर हलू दे,’’ सौभाग्यवती अखेर म्हणाली, ‘‘पण रिकामा नाही.’’

ती आत गेली. ओट्याखालचा डबा सरकल्याचा आवाज आला, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मातोश्रींचा वरवंटा होता. तिने तो पदराने पुसला, बारशातली कुंची शोधून त्याच्या डोक्यावर चढवली, आणि झोळीत मधोमध, डोके उत्तरेकडे येणार नाही अशा बेताने, निजवला. मग पाळण्याजवळ पाट मांडून ती बसली. मी निर्धास्त घोरू लागलो.

सकाळी सातला जाग आली तेव्हा ती फोनवर बोलत होती. आवाजात थकवा होता, पण असा तजेला मी गेल्या महिनाभरात ऐकला नव्हता.

‘‘अगं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. काय सांगू! पाळण्याशीच बसून होते पहाटेपर्यंत. नाही गं, त्रास कसला, आम्हाला सवय आहे त्याची.’’

मी काही बोलणार, तोच तिने फोनवर हात ठेवून मला हळू बोलण्याची खूण केली, आणि दुसऱ्या हाताने वरवंट्याच्या अंगावरचे दुपटे सारखे केले.